वाहनाचे तीन आरसे आणि न दिसणारा दुचाकीस्वार

सकाळी कार्यालये उघडण्याच्या वेळी पर्वरीहून पणजीकडे उतरणाऱ्या वाहनांच्या रांगेत एक प्रसंग वारंवार घडताना दिसतो. मोटारचालक आरशात पाहतो, मागे कोणी नाही अशी खात्री करून घेतो, दिशादर्शक दिवा लावतो आणि गाडी शेजारच्या मार्गिकेकडे वळवतो. त्याच क्षणी कर्कश हॉर्न ऐकू येतो आणि दाराला जवळजवळ घासून एक स्कूटर पुढे निघून जाते. ‘आरशात तर कोणीच नव्हते’, असे चालक म्हणतो आणि त्याचे म्हणणे खोटे नसते. स्कूटर आरशात खरोखरच नव्हती. आरशाची कक्षा जेथे संपते आणि डोळ्यांची कक्षा जेथे सुरू होते, त्यांच्या मधल्या पट्ट्यात ती होती.

दुचाकींची संख्या मोठी असलेल्या गोव्यासारख्या राज्यात हा पट्टा म्हणजे जिवाशी खेळ ठरतो. मोटारीच्या पत्र्यावर ओरखडा उठण्यावर जे निभावते, तेच दुचाकीस्वाराच्या बाबतीत आयुष्यभराचे अपंगत्व किंवा मृत्यू ठरू शकते. म्हणूनच मोटारीचे आरसे किती प्रकारचे असतात, त्यांत काय दिसते आणि काय दिसत नाही, हे प्रत्येक चालकाने समजून घेणे आवश्यक आहे.

आरशाचा प्रवास

मोटारींच्या आरंभीच्या काळात मागचे पाहण्याची सोय नव्हती. इंग्लंडमधील मोटारचालक डोरोथी लेव्हिट यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात स्त्री-चालकांना हातात धरायचा लहान आरसा गाडीत ठेवण्याचा आणि मागची वाहतूक पाहण्यासाठी तो अधूनमधून उंचावण्याचा सल्ला दिला होता. दोन वर्षांनी, ३० मे १९११ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे झालेल्या पहिल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत रे हॅरून यांनी आपल्या गाडीवर आरसा बसवला. इतर स्पर्धकांच्या गाडीत मागे लक्ष ठेवण्यासाठी एक मदतनीस बसत असे. हॅरून मात्र एकटेच होते आणि त्याला इतरांनी आक्षेप घेतला होता. आरशाच्या जोरावर त्यांनी तो आक्षेप दूर केला आणि शर्यतही जिंकली. रस्त्याच्या हादऱ्यांमुळे त्या आरशात फारसे काही दिसत नव्हते, अशी कबुली त्यांनीच पुढे दिली, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे मोटारीला तीन आरसे असणे ही तुलनेने अलीकडची सवय आहे. मारुती ८०० या गाडीच्या साध्या आवृत्तीला बाहेरचा आरसा केवळ चालकाच्या बाजूला असे. २००९ मध्ये आलेल्या टाटा नॅनोच्या साध्या आवृत्तीतही तीच स्थिती होती. त्या काळात वाहन चालवायला शिकलेल्या अनेकांची मान आजही डाव्या आरशाकडे वळत नाही. रस्त्याच्या डाव्या कडेने पुढे घुसणाऱ्या दुचाकींचे प्रमाण पाहता ही सवय महागात पडू शकते.

आतला आरसा: खरे अंतर सांगणारा

पुढच्या काचेच्या मधोमध असलेला आरसा सपाट असतो. सपाट आरशात वस्तू मुळाच्याच आकाराची आणि खऱ्या अंतरावर असल्यासारखी दिसते. मागचे वाहन किती जवळ आहे आणि किती वेगाने जवळ येत आहे, याचा भरवशाचा अंदाज याच आरशातून येतो. त्याची मर्यादा म्हणजे अरुंद कक्षा. मागच्या काचेच्या चौकटीतून जेवढे दिसते तेवढेच तो दाखवतो. मागच्या आसनावरील सामान, काचेवर लावलेले पडदे वा उंच उशा यांनी ती चौकटही झाकली, तर हा आरसा निरुपयोगी होतो.

या आरशाच्या खालच्या बाजूस एक लहानशी कळ असते. रात्री मागच्या वाहनाचा प्रखर प्रकाश डोळ्यांवर आल्यास ती ओढायची असते. या आरशाची काच पाचरीसारखी, म्हणजे एका कडेला जाड व दुसऱ्या कडेला पातळ असते. दिवसा काचेच्या पाठीमागचा चांदीसारखा थर प्रकाश डोळ्यांकडे पाठवतो. कळ ओढली की आरसा किंचित कलतो, तो तीव्र प्रकाश छताकडे जातो आणि काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा सुमारे चार टक्के प्रकाशच डोळ्यांपर्यंत पोहोचतो. मागचे दिवे दिसतात, पण डोळे दिपत नाहीत. ही सोय गाडीत असूनही अनेक चालक ती कधीच वापरत नाहीत आणि आरसाच वर फिरवून ठेवतात. तसे केल्यास मागचा रस्ताच दिसेनासा होतो. महागड्या गाड्यांत हेच काम आपोआप होते. मागून येणारा प्रकाश संवेदक टिपतो, काचांच्या मधल्या रसायनाला विजेचा सूक्ष्म दाब मिळतो आणि आरसा गडद होतो.

बाहेरचे आरसे: अधिक दाखवणारे, पण फसवणारे

दोन्ही बाजूंचे बाहेरचे आरसे आपल्याकडील गाड्यांत सामान्यतः बहिर्वक्र, म्हणजे बाहेरच्या दिशेने किंचित फुगीर असतात. फुगीरपणामुळे त्यांत सपाट आरशापेक्षा बराच अधिक परिसर मावतो. त्याची किंमत अशी की, प्रत्येक वस्तू लहान दिसते. लहान दिसणारी वस्तू दूर आहे असा निष्कर्ष मेंदू काढतो. आरशात दिसणारी वाहने प्रत्यक्षात अधिक जवळ असतात, अशी सूचना अनेक गाड्यांच्या आरशावर कोरलेली असते ती यामुळेच.

हा फरक जीवघेणा कसा ठरतो, हे साध्या हिशेबाने कळते. एखादी मोटार ताशी ४० किलोमीटर वेगाने जात आहे आणि मागून एक दुचाकी ताशी ६० किलोमीटरने येत आहे, असे समजा. दोहोंच्या वेगातील फरक ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. दुचाकी प्रत्यक्षात २० मीटरवर असेल, तर ती साडेतीन सेकंदांत मोटारीच्या बाजूला पोहोचते. चालकाला मात्र ती ३० ते ४० मीटरवर वाटली, तर मार्गिका बदलायला सहा-सात सेकंद मिळतील असे तो गृहीत धरतो. अपघात या फरकातच घडतो. यावर उपाय सोपा आहे. बाहेरच्या आरशात वाहन दिसले की तेच वाहन आतल्या सपाट आरशात पाहावे आणि अंतराचा निर्णय त्यावरून घ्यावा.

काही गाड्यांच्या आरशाच्या बाहेरच्या कडेजवळ उभी तुटक रेषा दिसते. त्या रेषेपलीकडचा भाग अधिक फुगीर असतो. तेथे बाजूचे वाहन लवकर दिसते, परंतु त्याचा आकार अधिकच लहान होतो. बाहेरच्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवायचे लहान गोल आरसेही बाजारात मिळतात. बाजूला कोणी आहे की नाही, एवढे सांगण्यापुरता त्यांचा उपयोग आहे. अंतर ठरवण्यासाठी त्यांवर विसंबू नये.

न दिसणारा पट्टा आणि आरशांची मांडणी

आरसे कितीही चांगले असले तरी गाडीच्या मागच्या दाराच्या आसपास दोन्ही बाजूंना असा भाग उरतो, जो कोणत्याही आरशात येत नाही आणि समोर पाहणाऱ्या चालकाच्या नजरेच्या कडेतही येत नाही. यालाच ब्लाइंड स्पॉट म्हणतात. आरसे चुकीच्या कोनात ठेवल्यास हा पट्टा अकारण वाढतो. अनेक जण बाहेरचा आरसा इतका आत वळवतात की निम्म्या आरशात स्वतःच्याच गाडीचे दार दिसते. आपले दार कोठे आहे हे चालकाला ठाऊकच असते. त्या जागेत रस्ता दिसणे अधिक उपयोगाचे.

आरसे लावण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी आसन आणि पाठ नेहमीच्या स्थितीत आणावी, मग आतला आरसा असा फिरवावा की मागची संपूर्ण काच दिसेल, आणि शेवटी बाहेरच्या आरशांकडे वळावे. रस्ता व क्षितिज यांची रेघ आरशाच्या साधारण मध्यावर यावी. रूढ पद्धतीत आरशाच्या आतल्या कडेला स्वतःच्या गाडीची केवळ बारीक पट्टी दिसावी, असे सांगितले जाते.

अमेरिकी अभियंता जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधात आरसे याहून बाहेर वळवण्याची पद्धत सुचवली. आपल्याकडील उजव्या बाजूच्या चालकासाठी ती अशी: डोके उजव्या खिडकीच्या काचेजवळ नेऊन उजवा आरसा एवढा बाहेर वळवावा की गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोके गाडीच्या मध्यावर आणून डावा आरसा तसाच लावावा. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसत नाही, पण न दिसणारा पट्टा बराच आक्रसतो. सुरुवातीला हे अवघडल्यासारखे वाटते आणि अरुंद जागेत गाडी लावताना आरसे पुन्हा आत घ्यावे लागतात, हेही खरे.

कोणतीही पद्धत स्वीकारली तरी मांडणी योग्य आहे की नाही, हे तपासण्याची एक कसोटी आहे. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करून मागून येणाऱ्या वाहनाकडे पाहावे. ते आतल्या आरशातून पूर्ण नाहीसे होण्यापूर्वी बाहेरच्या आरशात दिसू लागले पाहिजे, आणि बाहेरच्या आरशातून जाण्यापूर्वी खिडकीतून नजरेच्या टप्प्यात आले पाहिजे. ही साखळी जेथे तुटते, तेथे आपला धोक्याचा पट्टा आहे असे समजावे. दुचाकी त्या तुटलेल्या जागेतही मावते. म्हणून मार्गिका बदलण्यापूर्वी मान वळवून खांद्यावरून एक नजर टाकण्याला पर्याय नाही. ही नजर क्षणभराचीच हवी. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. त्यामुळे पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर आहे हे आधी पाहावे.

मोठ्या वाहनांचे आरसे

बस, ट्रक आणि टिपर यांच्याभोवतीचे न दिसणारे क्षेत्र मोटारीपेक्षा कितीतरी मोठे असते. चालक उंचावर बसतो, आतल्या आरशाचा उपयोग होत नाही आणि डाव्या बाजूचा दरवाजा त्याच्यापासून दूर असतो. म्हणून अशा वाहनांना लांब मुख्य आरशाच्या जोडीला विस्तृत कक्षेचा आरसा, पायरीजवळची जमीन दाखवणारा आरसा आणि काही ठिकाणी समोरच्या बंपरखालचा भाग दाखवणारा आरसाही लावतात. डावीकडे वळणाऱ्या बसच्या आणि पदपथाच्या मधून पुढे जाण्याचा प्रयत्न करणारा दुचाकीस्वार या सर्वांतून निसटू शकतो.

येथे प्रकाशाचा एक नियम दुचाकीस्वारांच्या कामी येतो. प्रकाश ज्या मार्गाने जातो, त्याच मार्गाने उलटही येऊ शकतो. समोरच्या ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्या चालकालाही मागचा दुचाकीस्वार दिसत नाही. चोर्ला किंवा अनमोड घाटात, अथवा खनिजवाहतुकीच्या मार्गांवर मोठ्या वाहनामागून जाताना एवढे भान ठेवले तरी पुष्कळ संकटे टळतील.

दुचाकीचे स्वतःचे आरसेही शोभेसाठी नसतात. नवी गाडी घेताच आरसे उतरवणे किंवा हौसेपोटी मूठभर आकाराचे आरसे लावणे ही तरुणांमधील पद्धत घातक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार दुचाकीलाही मागचे दृश्य दाखवणारा आरसा आवश्यक आहे.

दार उघडताना, गाडी मागे घेताना

गाडी उभी राहिली म्हणजे आरशाचे काम संपत नाही. पणजी, म्हापसा वा मडगावच्या बाजारपेठेत रस्त्याकडेला उभ्या मोटारीचे दार अचानक उघडते आणि मागून येणारा दुचाकीस्वार त्यावर आदळतो. नेदरलँडमध्ये यासाठी रूढ असलेली सवय अनुकरणीय आहे. दार उघडताना दाराकडचा नव्हे, तर दुसरा हात वापरायचा. आपल्याकडील चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडले, तर शरीर आपोआप वळते आणि नजर आरशावरून मागच्या रस्त्याकडे जाते. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२ मध्ये या पद्धतीचा समावेश झाला. मागच्या आसनावरील मुलांनाही ती शिकवता येते.

गाडी मागे घेताना तिन्ही आरसे मिळूनही अपुरे पडतात. मागच्या काचेच्या पातळीखाली असलेले लहान मूल, झोपलेले कुत्रे किंवा दगड त्यांत दिसतच नाही. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारे संवेदक सक्तीचे झाले. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा बंधनकारक आहे. वडिलांच्या हातून मागे येणाऱ्या गाडीखाली सापडलेल्या एका लहान मुलाच्या नावाने तेथे त्यासाठी कायदा झाला होता. जुन्या गाडीच्या चालकाने मात्र निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारणे हाच खरा उपाय. घराच्या अंगणात मुले खेळत असतील, तर तो टाळू नये.

पावसाळ्यातील काळजी

गोव्याच्या पावसाळ्यात आरशावर थेंब आणि खिडकीच्या काचेवर वाफ जमते. आरसा स्वच्छ असला तरी मधली काच धूसर असेल तर उपयोग शून्य. म्हणून वातानुकूलन सुरू ठेवून बाजूच्या काचा कोरड्या कराव्यात आणि निघण्यापूर्वी आरसे मऊ फडक्याने पुसावेत. आरसे तापवण्याची सोय असल्यास ती वापरावी. आरशाच्या कडेला काळे डाग पडले किंवा काच तडकली, तर ती वेळीच बदलावी.

बाहेरच्या आरशांच्या जागी कॅमेरे व पडदे बसवलेल्या मोटारी २०१८ मध्ये जपानमध्ये रस्त्यावर आल्या. बाजूला वाहन येताच आरशावर दिवा पेटवणारी रडार यंत्रणाही आता अनेक गाड्यांत मिळते. तथापि, आपल्या रस्त्यांवरील बहुसंख्य गाड्यांत अजून साधे तीन आरसेच आहेत. त्यांचा कोन तपासायला दोन मिनिटे पुरतात. दर काही सेकंदांनी त्यांत एक नजर टाकण्याची आणि वळण्यापूर्वी मान वळवून पाहण्याची सवय लागली, तर शेजारून जाणारा दुचाकीस्वार सुखरूप घरी पोहोचेल.