विमानाच्या टाकीत प्रवरेचं पाणी

शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नाही, कोपरगाव तालुक्यातल्या काकडीत आहे. 1 ऑक्टोबर 2017 ला राष्ट्रपती कोविंद यांनी त्याचं उद्घाटन केलं. 9 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांनी 645 कोटींच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी केली, तीही दूरदृश्य प्रणालीवरून. या टर्मिनलची कल्पना साईबाबांच्या कडुनिंबावर बेतलेली आहे. लिंबाबद्दल माझी तक्रार नाही. मला वेड आहे ते विमानाच्या टाकीत काय जातं याचं, आणि ते जुनं आहे. काकडीच्या आसपास साकरवाडी, संजीवनी, कोळपेवाडी, गणेश आणि थोडं पलीकडे प्रवरानगर अशी कारखान्यांची रांग असताना उसाचं विमान-इंधन हा विषय नगरकराला (सरकारी कागदावर आता अहिल्यानगरकराला) टाळता येत नाही.

आंतरराष्ट्रीय विमानांच्या धुराचा बाप कोण, हा प्रश्न जगाने पुष्कळ वर्षं टोलवला. क्योटो कराराने तो आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या हवाई संघटनेकडे ढकलला. तिने 2016 साली ‘कोर्सिया’ ही योजना आणली: ठरलेल्या पातळीच्या वर जेवढं उत्सर्जन होईल त्याची भरपाई कंपन्यांनी करायची, नाहीतर टाकीतलंच इंधन बदलायचं. भारत 2027 च्या सक्तीच्या टप्प्यापासून यात येतो. देशात या इंधनबदलाची रंगीत तालीम 19 मे 2023 ला झाली. पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर एशियाच्या विमानात पुण्याच्या प्राज कंपनीने देशी कच्च्या मालापासून बनवलेलं इंधन इंडियन ऑइलमार्फत थोडंसं मिसळलेलं होतं.

उसाच्या स्पिरिटचं, म्हणजे इथेनॉलचं, विमान-इंधन करण्यात जादू नाही. अल्कोहोलमधलं पाणी काढायचं, उरतो तो इथिलीन वायू. त्याचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करायच्या, हायड्रोजन द्यायचा, गाळायचं. नेहमीच्या इंधनात ते निम्म्यापर्यंत मिसळता येतं. इंजिनाला फरक कळत नाही.

फरक कळतो तो कागदावर. आयकाओचा एक तक्ता आहे, कोणत्या पिकाच्या इंधनाने किती कार्बन होतो याचा. माझ्यासारख्या माणसाला असे तक्ते कादंबरीसारखे वाचवतात. खनिज इंधन दर मेगाज्यूलला 89 ग्रॅम. मी वाचलेल्या आवृत्तीत अमेरिकेच्या मक्याचं इथेनॉल-इंधन 90.8, म्हणजे खनिजापेक्षाही वाईट! उसाचं मात्र 32.8. कारखानदारांनी पेढे वाटावेत असा आकडा. पण त्या ओळीत देशाचं नाव पाहावं: ब्राझील. तिथला बहुतेक ऊस पावसावर येतो. आपला पाटाच्या आणि विहिरीच्या पाण्यावर.

कोर्सियाच्या निकषांत एक कलम पाण्याचंही आहे. ते 2024 पासून तयार होणाऱ्या इंधनाला लागू झालं. पाणी जपून वापरा आणि भूपृष्ठावरचा वा भूगर्भातला साठा पुन्हा भरून येण्यापलीकडे उपसू नका, असा त्याचा आशय. हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आयकाओचं माँट्रियल नाही, जायकवाडीचं धरण उभं राहिलं.

नोव्हेंबर 2023 ची तारीखवार टिपणं लावून पाहा. त्या वर्षी पाऊस रुसला. राज्याच्या 2005 च्या जलकायद्यातलं समन्यायी वाटप आणि मेंढेगिरी समितीचं सूत्र (15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं) यांचा आधार घेऊन 30 ऑक्टोबरला आदेश निघाला: 8.603 टीएमसी. त्यात मुळा समूहाचे 2.10, प्रवरेचे 3.36, दारणा-गोदावरीचे 2.643, गंगापूरचे 0.5. नगर जिल्ह्यातले कारखाने कोर्टात गेले, पुढारी पक्ष विसरून एकत्र आले (नगरमध्ये हे फक्त पाण्यासाठी घडतं), मराठवाड्यात रास्ता रोको झाले. नोव्हेंबर अखेर पाणी सुटलं. त्याच सुमारास दिल्लीत जैवइंधन समन्वय समितीने ठरवलं की आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात 2027 ला एक टक्का, 2028 ला दोन टक्के जैवइंधन असावं. आणि 7 डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, कारण दुष्काळाने साखर कमी पडणार होती. पुढच्या दिवसांत ती थोडी सैल झाली. तिन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापून आल्या. एका पानावर कुणी लावल्याचं मी पाहिलं नाही.

हिशेब मांडू. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला 2860 लिटर पाणी लागतं. एक लिटर विमान-इंधनाला साधारण पावणेदोन लिटर इथेनॉल, म्हणजे पाच हजार लिटर पाणी. एअरबस ए-320 तासाला तीन हजार लिटरच्या आसपास इंधन पिते. एक टक्का मिसळलं तर तीस लिटर, म्हणजे दीड लाख लिटर पाणी. पाथर्डी-पारनेरकडे उन्हाळ्यात वस्तीवर येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला तर पंधरा टँकर. मुंबई-दुबई फेरी तीन तासांची, म्हणजे पंचेचाळीस टँकर. अशी विमानं रोज किती उडतात ते वाचकांनी मोजावं.

पाटाचं हे पाणी मुळात उसासाठी नव्हतंच. भंडारदऱ्याचं धरण 1926 ला पुरं झालं, गोदावरीचे कालवे त्याआधीचे. दोन्ही दुष्काळनिवारणाची कामं. ज्वारी-बाजरी वाचवायची होती. पाट आल्यावर ऊस शिरणार हे विश्वेश्वरय्यांनी नीरेवर आधीच ओळखलं होतं. त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली, ज्यात ब्लॉकच्या एक तृतीयांश क्षेत्रावरच ऊस, बाकी भुसार. जुने बागाईतदार आजही ‘ब्लॉकचं पाणी’ म्हणतात, पण त्या एक तृतीयांशाची आठवण कुणी काढत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला उभा केलेला कारखाना 1950-51 ला गाळपाला लागला. त्याचं ऋण जिल्ह्यावर मोठं आहे, हे मान्य. पण ऊस हेच जिल्ह्याचं प्रारब्ध असं मात्र मला वाटत नाही.

आयकाओच्या त्याच तक्त्यात भारताच्या नावापुढे एक पीक सापडलं आणि मी हसलो: मोगली एरंड. नाशिकचे विनायकदादा पाटील, माजी मंत्री, निलगिरीच्या वनशेतीचे प्रवर्तक, यांनी ऐंशीच्या दशकात हा एरंड शेतकऱ्यांच्या बांधावर नेला, जगात त्याचा गाजावाजा व्हायच्या कितीतरी आधी. कोरडवाहू, गुरं तोंड लावत नाहीत, बियांत तेल. हिशेब चोख होता. झाडाने साथ दिली नाही. पाण्यावाचून ते जगतं, पण फळत नाही, आणि फळं एकदम पिकत नसल्याने तोडणीची मजुरी परवडत नाही. बहुतेकांनी नाद सोडला. 27 ऑगस्ट 2018 ला स्पाइसजेटचं डेहराडून-दिल्ली विमान त्याच तेलाच्या मिश्रणावर उडालं. दादा 2020 ला गेले.

माझं मत विचाराल तर मळीपासून बनलेलं इंधन विमानात जायला हरकत नाही. साखर काढून झाल्यावर उरलेल्या शेवटच्या मळीला वेगळं पाणी लागत नाही. पण तिच्यापासून टनभर उसामागे दहा-अकरा लिटर स्पिरिट निघतं, थेट रसापासून सत्तर. त्यामुळे बाजार रसाकडेच ओढणार. 29 ऑगस्ट 2024 ला रसावरची बंदी उठली तेव्हा ते दिसलंच. उद्या प्रमाणपत्र देणारे परदेशी तपासनीस कोपरगावात उतरले तर त्यांना डिस्टिलरीच्या मीटरपाशी नेतील, चकचकीत सादरीकरण दाखवतील, चहा पाजतील. त्यांनी पाटकऱ्याला गाठावं. पाणीमागणीचे सात नंबरचे फॉर्म किती आले, उन्हाळी आवर्तनं किती मिळाली, शेपटाच्या चारीला पाणी कुठवर पोचलं आणि उरलेल्या उसाला कुणाच्या बोअरचं पाणी गेलं, हे त्याला तोंडपाठ असतं.