दूरदर्शनच्या मालिका केबलवर न्याव्यात काय?

इंदूरच्या मराठी घरात हा प्रश्न जरा निराळा आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले, पण त्याच्या लहरी आमच्या अँटेनापर्यंत पोहोचत नव्हत्या. 'हम लोग' (१९८४), 'रामायण' (१९८७) आम्ही हिंदीत, परंतु फुकट पाहिले. घरबसल्या मराठी मालिका मिळाल्या त्या 'अल्फा मराठी' वाहिनी १९९९ मध्ये निघाल्यावर, केबलमार्गे. केबलचे हे ऋण मी मानतो. मात्र तिला दरमहा वर्गणी पडते. दूरदर्शनच्या फ्री डिशला एकदा छत्री बसवली की वर्गणी नाही. शिवाय १९९५ च्या कायद्याने दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे केबलचालकांना बंधनकारकच आहे. तेव्हा दूरदर्शनची मालिका केबलवरही दिसावी, केवळ केबलवर नव्हे; वर्गणीवाचून कोणाच्या घरचा पडदा पडू नये, एवढेच माझे म्हणणे.