महागडी रॅकेट आणि कोपराचे दुखणे

परवा एक रुग्ण आले. वय बेचाळीस, बॅडमिंटनमध्ये तालुक्यात नाव असलेले. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी महागडी नवी रॅकेट घेतली, मोठे खेळाडू वापरतात तशी. आता चहाचा कप उचलताना कोपरापासून कळ येते. हे दुखणे म्हणजे ‘टेनिस एल्बो’. नाव टेनिसचे असले तरी ते बॅडमिंटनपटूंना, सुतारांना आणि पिळून धुणे धुणाऱ्या गृहिणींनाही होते.

मनगट मागे वळवणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जेथे चिकटतात, तेथे वारंवार ताण पडून झीज होते. पस्तिशीनंतर ही झीज सावकाश भरून येते.

मग दोष रॅकेटचा का? सर्वस्वी नव्हे, पण निवडीचा वाटा असतो. चांगल्या खेळाडूनेही रॅकेट घेताना चार गोष्टी पाहाव्यात.

वजन : रॅकेटवर ‘३यू’ असेल तर वजन ८५ ते ८९ ग्रॅम, ‘४यू’ असेल तर ८० ते ८४ ग्रॅम. कोपर किंवा खांदा कुरकुरत असेल तर हलकी बरी.

तोल : डोक्याकडे जड असलेल्या रॅकेटने स्मॅश जोरकस बसतो, पण प्रत्येक फटक्याला मनगटावर भार येतो. दुहेरीत वारंवार चटकन हात फिरवावा लागतो, तेथे समतोल रॅकेट सोयीची.

दांडी : कडक दांडी वेगवान हातासाठी असते. हात तेवढा वेगवान नसेल तर जोर दंडातून काढावा लागतो. मध्यम लवचीक दांडी पुष्कळांना पुरते.

गटिंग : अव्वल खेळाडू २८-३० पौंड किंवा त्याहूनही जास्त ताण ठेवतात. तार जितकी ताणलेली, तितका फूल नेमके बसण्याचा भाग लहान. फटका चुकला की हादरा थेट हातात. क्लबात खेळणाऱ्यांना २२ ते २५ पौंड पुरेसे.

मूठही तपासा. ती फार जाड किंवा फार बारीक असली की रॅकेट आवळून धरावी लागते. फटक्याच्या क्षणापुरतीच पकड घट्ट असावी.

घरी एक चाचणी करा. हात सरळ ठेवून, तळवा खाली करून खुर्ची पाठीकडून उचला. कोपराच्या बाहेरच्या बाजूस दुखले तर काही आठवडे खेळ थांबवा. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावा. दुखणे ओसरले की हात टेबलावर टेकवून, अर्धा किलो वजन धरून मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करा. इंजेक्शनने लगेच आराम पडतो, पण दुखणे पुन्हा उलटण्याचा संभव असतो. मुंग्या, बधिरपणा किंवा सूज असल्यास मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा.

आमच्या रुग्णाने गटिंग सैल करून घेतले आहे आणि सध्या तो बाकावर बसून गुण मोजतो आहे. रॅकेट बदलता येते, कोपर नाही!