पावसाळी कोट घेताना काय पाहावे?



आपल्या मैंदर्गी-अक्कलकोट भागात जूनपेक्षा सप्टेंबरचा पाऊस मोठा. २०२० साली तर ऑक्टोबरच्या मध्यावर सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. उसात पाणी तुंबले की चर मोकळे करायला भर पावसात रानात जावेच लागते. पोत्याची खोळ आणि घोंगडी यांवर वाडवडिलांनी पावसाळे काढले. पण घोंगडी भिजली की जड होते आणि हात अडकतात. म्हणून कोट घ्यावा, पण पारखून घ्यावा.

दोन कापडांमध्ये रबराचा थर घालण्याचे पेटंट चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली घेतले. रबर काय नि प्लॅस्टिक काय, पाणी आत येऊ देत नाही, तशी घामाची वाफही बाहेर जाऊ देत नाही. तासभर खोरे चालवले की सदरा आतून ओला होतो आणि आपण म्हणतो, "कोट गळतो!" यासाठी काखेत भोके, पाठीवर वारा खेळायला झडप असलेला, अंगाला सैल कोट पाहावा. वाफ बाहेर सोडणारे बारीक छिद्रांचे कापडही मिळते. पण ते महाग, चिखलाने त्याची छिद्रे बुजतात. उसात वावरणाऱ्याने जाड, साधा कोटच घेतलेला बरा. पायघोळ कोट पायांत येतो. आखूड कोट आणि वेगळी विजार सोयीची.

खरी गळती शिवणीतून होते. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, ते पाहावे. दुकानातच शिवणीचा खोलगा करून त्यात पेलाभर पाणी ओतावे. पाच मिनिटांत खाली थेंब आला, तर तो कोट परत ठेवावा. रंग पिवळा किंवा नारिंगी असावा, म्हणजे अंधारात रस्त्यावर ट्रॅक्टरवाल्याला माणूस दिसतो. वापरल्यावर कोट धुऊन सावलीत वाळवावा.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. कोट अंग कोरडे ठेवतो, विजेपासून वाचवीत नाही. ओल्या हाताने मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नका. ढग गडगडू लागले की झाडाखाली थांबू नका, पक्क्या घराचा आसरा घ्या. तुंबलेले पाणी तासाभराने काढले तरी चालते. घरची माणसे वाट पाहत असतात, हे आपण सर्वांनीच लक्षात ठेवू या.