झेल कुणी ठरवायचा?

झेल म्हणजे काय, हे गल्लीतल्या पोरालाही कळते, असे आपल्याला वाटते. पण १९९९ च्या विश्वचषकात हर्शेल गिब्जने स्टीव्ह वॉचा झेल घेतला, आनंदाने चेंडू उडवायला गेला आणि तो हातातून निसटला. वॉ नाबाद राहिला. चेंडू हातात येणे आणि चेंडू आपला होणे, यांत अंतर असते. अमेरिकन फुटबॉलमध्ये या अंतरावरूनच वर्षानुवर्षे वाद पेटला.

११ जानेवारी २०१५. ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डवर बाद फेरीचा सामना. पॅकर्स २६, डॅलस काउबॉइज २१. पाच मिनिटांहून कमी वेळ उरलेला आणि काउबॉइजचा चौथा, म्हणजे अखेरचा प्रयत्न. टोनी रोमोने लांब फेकलेला चेंडू डेझ ब्रायंटने उंच उडी मारून घेतला, पावले टाकली आणि गोलरेषेकडे हात लांबवत तो कोसळला. रेषा जेमतेम यार्डभर दूर! पंचांनी झेल दिला. पॅकर्सच्या प्रशिक्षकांनी दाद मागितली. चित्रफीत पाहून पंचप्रमुख जीन स्टेराटोर यांनी झेल नाकारला. जमिनीवर आपटताना चेंडू हलला होता, आणि झेल घेताना पडणाऱ्याने तो शेवटपर्यंत ताब्यात ठेवलाच पाहिजे, असे नियम म्हणत होता. सामना २६-२१ असाच संपला.

मी उभी हयात बँकेत परिपत्रके वाचण्यात घालवली. एक पळवाट बुजवायला एक ओळ वाढते, त्या ओळीच्या खुलाशाला दुसरे परिपत्रक निघते. आणि एके दिवशी वीस वर्षांचा ओळखीचा खातेदार सहीच्या एका वळणापायी काउंटरवरून परत जातो. कारकुनाचे काही चुकलेले नसते. स्टेराटोर यांचेही चुकले नव्हते. पुस्तकात आहे तेच पंचाने द्यायचे; मनाला येईल तो न्याय देऊ लागला, तर खेळच उरणार नाही.

मग दोष कुणाचा? २०१० साली शिकागोत डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनचा झेल याच कलमाने हिरावला होता. तेव्हाच इशारा मिळाला होता. तरी २०१८ च्या मार्चपर्यंत थांबावे लागले. मग बत्तीसच्या बत्तीस संघमालकांनी नियम सोपा केला: चेंडूवर ताबा, दोन्ही पाय जमिनीला, आणि त्यानंतर एखादे पाऊल किंवा चेंडू पुढे नेण्याची हालचाल. नियम-समितीनेही मानले, की ब्रायंटचा तो झेलच होता.

परिपत्रक मागल्या तारखेपासून लागू होत नाही. पंचाने पुस्तकाशी इमान राखावे, हे खरे. पण पुस्तक लिहिणाऱ्यांनी डोळ्यांशी इमान राखायला आठ वर्षे लावली, तर मधल्या काळात ज्यांचे झेल गेले, त्यांनी दाद कुणाकडे मागायची?