प्याद्यांचा डाव आणि कोयत्याची मुले

श्रीगोंदा तालुक्यातले काष्टी राज्यभर ओळखले जाते ते शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे हे गाव. खाली भीमा, पलीकडे दौंड, आणि घोड-कुकडीच्या पाण्यावर वाढलेला ऊस. तालुक्यातच नागवडे आणि कुकडी हे दोन सहकारी साखर कारखाने आहेत, नदीपलीकडेही गाळप चालते. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून, पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येऊ लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', असा हिशेब असतो आणि कोयत्यामागे दोन-तीन मुले असतात. त्या हिशेबात मुलांची गणती मात्र कुठेच होत नाही. उचल नवरा-बायकोच्या नावावर चढते, फडाच्या कडेची कोपी दोघांची असते, आणि मुलांच्या वाट्याला येते ती अर्धवट राहिलेली इयत्ता. या मुलांसाठी, आणि याच पट्ट्यात पालावर वाढणाऱ्या फासेपारधी मुलांसाठीही, बुद्धिबळाचा एक लहान, सोपा केलेला डाव उपयोगी पडेल, असे मला वाटते. मात्र त्याच्या समर्थनार्थ नेहमी पुढे केले जाणारे कारण चुकीचे आहे. बुद्धिबळाने गणित सुधारते म्हणून हा डाव शिकवू नये. तुटक आयुष्य जगणाऱ्या मुलाला सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली एक गोष्ट रोज पूर्ण करता येते, म्हणून शिकवावा.

आधी हा डाव कसा असतो ते पाहू. पट नेहमीचाच घ्यावा किंवा पाच बाय पाच घरांचा मातीत आखावा. दोन्ही बाजूंना फक्त प्यादी असतात. प्यादे एक घर सरळ चालते, तिरके मारते, मागे येत नाही. ज्याचे प्यादे आधी शेवटच्या रांगेत पोहोचेल तो जिंकला. नियम एवढेच. दुसऱ्या टप्प्यात राजा येतो, मग हत्ती, मग उंट, आणि अडीच घरे चालणारा घोडा सर्वांत शेवटी, कारण मुलांना तोच सर्वांत जास्त चकवतो. एका बाजूला चिंचोके आणि दुसऱ्या बाजूला खडे घेतले की सोंगट्यांचा प्रश्न मिटतो. पट खताच्या रिकाम्या गोणीवर कोळशाने आखता येतो. पूर्ण बुद्धिबळात सहा जातींची बत्तीस मोहरी, किल्लेकोट, शह आणि मात यांतला फरक, एवढे सगळे कळल्याशिवाय पहिला डाव सुरूच होत नाही. प्याद्यांच्या डावात नियम सांगून झाल्यावर दहा मिनिटांत कोणीतरी जिंकलेले असते.

ही दहा मिनिटेच निर्णायक आहेत. ऊसतोड्याच्या मुलीचा दिवस पाहा. आईवडील पहाटे अंधारात फडात जातात, गाडी भरायची वेळ रात्रीचीही असू शकते, आणि धाकटे भावंड दिवसभर तिच्या कडेवर असते. दोन तास सलग बसून चालणारा कोणताही उपक्रम तिच्यासाठी नसतोच, मग तो कितीही चांगला असो. टोळीचा फड बदलला की मुक्काम हलतो. आठवड्यापूर्वी सुरू केलेला धडा जिथल्या तिथे राहतो. शाळेतली प्रत्येक गोष्ट उद्यावर टाकलेली असते: पुढचा पाठ, पुढची चाचणी, पुढची इयत्ता. ज्या मुलीचा उद्या कुठे उजाडेल ते मुकादम ठरवतो, तिला आजच पूर्ण होणारे काहीतरी हवे असते. शिवाय नियम दोघांना सारखे असतात. कोपीतल्या मुलासमोर गावातला, शाळेत नियमित जाणारा मुलगा बसला, तरी प्यादे दोघांचेही एकच घर पुढे जाते. एरवीच्या आयुष्यात या दोघांना सारखा नियम क्वचितच लागू होतो.

आता पुराव्याकडे येतो. काष्टीच्या बाजारात बैल घेणारा दात पाहिल्याशिवाय, चार पावले चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. शिक्षणातल्या दाव्यांनाही हीच पारख लावायला हवी. बुद्धिबळ शिकल्याने शाळेतली प्रगती होते, असे सांगणारे अभ्यास पुष्कळ आहेत. २०१६ साली साला आणि गोबे या संशोधकांनी अशा २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. गणितात मध्यमाहून कमी, पण दिसण्याजोगा फरक आढळला, आणि तोही साधारण २५-३० तासांच्या शिकवणीनंतर. परंतु याच दोघांनी एका वर्मावर बोट ठेवले: बहुतेक अभ्यासांत बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांची तुलना काहीच वेगळे न शिकणाऱ्या मुलांशी केली होती. नवे शिक्षक, नवा खेळ, नवे कौतुक यांमुळे हुरूप येतोच. तो बुद्धिबळाचाच, असे कसे म्हणायचे? त्याच वर्षी इंग्लंडमधल्या मोठ्या प्रयोगाचा अहवाल आला. १०० शाळा, सुमारे ४,००० मुले, वय नऊ-दहा वर्षे, ३० तासांची शिकवणी. कोणत्या शाळेत बुद्धिबळ शिकवायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते, म्हणजे निवडीत कोणाचा हात नव्हता. वर्षभरानंतर घेतलेल्या परीक्षेत गणितात फरक शून्य. शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या, म्हणजे गरीब घरांतल्या मुलांतही फरक नाही. या निकालाला बगल देऊन बुद्धिबळाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

असे का होते, याचे उत्तर मानसशास्त्रात आधीपासून होते. चेस आणि सायमन यांनी १९७३ साली दाखवून दिले की खऱ्या डावातली स्थिती क्षणभर दाखवली तर निष्णात खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी मांडतो. तीच मोहरी वाटेल तशी विखुरली की त्याची आघाडी जवळपास नाहीशी होते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती सर्वसाधारण नव्हे, पटावरच्या रचनांची आहे. पटावर कमावलेले शहाणपण आपोआप अपूर्णांकात उतरत नाही.

मग उरते काय? बांगलादेशाच्या ग्रामीण भागात पाचवीच्या मुलांवर झालेला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत मला जास्त जवळचा वाटतो, कारण ती मुले आपल्या मुलांसारखी आहेत. तिथेही शिकवणी ३० तासांचीच होती. गणितात थोडी सुधारणा दिसली, पण काटेकोर तपासणीत ती ठाम टिकली नाही. एकाग्रता आणि सर्जनशीलता यांत काहीच फरक नव्हता. टिकला तो एक बदल: जवळजवळ वर्षभरानंतरही त्या मुलांची जोखमीची भीती कमी झालेली होती. गुणपत्रिकेत हे येत नाही. पण नव्या वर्गात हात वर करण्याआधी, अनोळखी गावातल्या शाळेच्या फाटकातून आत जाण्याआधी जी पावले अडखळतात, ती कशामुळे अडखळतात हे आठवून पाहावे. एका देशातल्या एका प्रयोगावर मी इमला उभारणार नाही. तरी खेळाकडून अपेक्षा करायचीच, तर ती या दिशेने करावी, इतके त्यातून नक्की निघते.

यावर बुद्धिबळप्रेमींचा आक्षेप असा, की हे खरे बुद्धिबळच नव्हे. नियम कापून मुलांना अर्धवट खेळ देणे हा त्यांचा अपमान आहे. या आक्षेपामागची कळकळ मला मान्य आहे, निष्कर्ष मात्र नाही. मुळात 'खरे' नियम कोणते? प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे चालू देणारा नियम युरोपातला. आपल्याकडच्या जुन्या खेळात प्यादे एकच घर चाले. त्या जुन्या पद्धतीत वाढलेला मीर सुलतान खान १९२६ च्या सुमारास युरोपीय नियम शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटनचे अजिंक्यपद जिंकला. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले, तेही शिकणाऱ्यासाठी निवडलेल्या डावस्थितींचेच पुस्तक होते. कापाब्लांका या विश्वविजेत्याने १९२१ च्या आपल्या पुस्तकाची सुरुवात मोजक्या मोहऱ्यांनी करायच्या साध्या मातांपासून केली. १९५६ साली अमेरिकेत लॉस अलामॉस इथल्या संगणकाला पूर्ण पट पेलेना, तेव्हा शास्त्रज्ञांनी उंट काढून टाकले आणि सहा बाय सहाचा पट आखला. यंत्रासाठी जी सवलत शहाणपणाची ठरली, ती सात वर्षांच्या मुलासाठी कमीपणाची कशी? नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी महिला विश्वचषक जिंकला, याचा आनंद प्रत्येक मराठी घराला झाला. पण फडावरच्या मुलांसमोर पट मांडताना पुढची दिव्या शोधायला निघू नये. तसे केले की चाळीसांतली एक निवडली जाते आणि एकोणचाळीस पुन्हा बाहेर राहतात.

वाघ-शेळी, नवकंकरी हे आपले खेळ असताना बुद्धिबळच कशाला, असेही कोणी विचारील. रास्त प्रश्न आहे, आणि ज्या मुलांना ते खेळ येतात त्यांच्याकडून आधी ते शिकून घ्यावेत. बुद्धिबळाच्या बाजूने एकच जमेची गोष्ट आहे: प्याद्यांच्या डावातून वर चढत गेले की तो खेळ काष्टीच्या शाळेतही सापडतो आणि परळीच्या शाळेतही. मूल गावी परतले तरी खेळाची भाषा त्याच्यासोबत जाते.

सर्वांत जड आक्षेप शेवटचा आहे. ज्यांना शाळा नाही, पाळणाघर नाही, थंडीत पुरेसे पांघरूण नाही, त्यांच्या हाती चिंचोके देऊन आपण आपलीच समजूत काढत नाही ना? शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याआधी १९९० च्या दशकात 'जनार्थ' या संस्थेने साखरशाळा काढून ही मुले शिकू शकतात हे दाखवून दिले होते. पुढे हंगामी वसतिगृहे आली, शिक्षण हमी कार्ड आले. यांतले प्रत्येक साधन अपुरे पडले तरी आवश्यक आहे, आणि बुद्धिबळ त्यांतल्या एकाचीही जागा घेऊ शकत नाही. कारखान्याने पट वाटले, छायाचित्र छापून आणले आणि पाळणाघराचा खर्च वाचवला, तर तो उपक्रम बंद पाडलेलाच बरा. म्हणून डाव मांडायचा तो शाळेच्या दारात, शाळेऐवजी नव्हे. तो सफल झाला की नाही हे गणिताच्या गुणांवरून ठरवू नये. दुसऱ्या दिवशी किती मुले आपणहून आली, धाकट्याला कडेवर घेऊन किती मुली बसल्या, हरल्यावर किती जणांनी पुन्हा पट मांडला, आणि हंगाम संपेपर्यंत कितींची नावे जवळच्या शाळेच्या हजेरीपटावर चढली, एवढे मोजावे. हे मोजायला वही आणि पेन्सिल पुरते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बॉयलर पेटण्याचे दिवस आलेले असतील आणि काष्टीच्या शिवारात कोप्या उभ्या राहू लागतील. परिसरातल्या शिक्षकांना, महाविद्यालयीन मुलामुलींना आणि कारखान्यांच्या संचालकांना विनंती आहे, की पहिल्याच पंधरवड्यात तिथे जावे, मुलांची नावे शाळेत नोंदवावीत, आणि मग गोणीवर पट आखून त्यांच्यासोबत खेळायला बसावे. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या परतायला साधारण मार्च-एप्रिल उजाडतो. तेवढे पाच महिने आपल्या हाती आहेत.