परदेशी नोकरी आणि व्हिसा : पैसे भरण्याअगोदर काय पाहावे?



ऊस बिलाच्या चौकशीला गट ऑफिसात येणारे सभासद हल्ली आणखी एक प्रश्न विचारतात. "पोराला जर्मनीला पाठवायचंय, एजंट नऊ लाख मागतोय. बिलावर कर्ज निघंल का?" खेड तालुक्यातील एका सभासदाने तर एमआयडीसीत गेलेल्या जमिनीतून जे काही उरले, त्यातले वीस गुंठे काढण्याचे ठरविले होते. एजंटाने दिलेला कागद त्यांनी दाखविला. त्यावर 'वर्क व्हिसा गॅरंटी' असे मोठ्या अक्षरात छापलेले होते. कंपनी कोणती, काम कोणते, पगार किती, व्हिसा कोणत्या प्रकारचा, यातले एक अक्षरही नव्हते. जमिनीचा विसार घेण्याअगोदर ते विचारायला आले हे बरे झाले. त्यांना जे सांगितले तेच सर्व सभासदांच्या माहितीसाठी येथे देत आहोत.

दार उघडे आहे, पण कोणासाठी?

चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज या दोन्ही जर्मन कंपन्यांचे कारखाने २००९ साली सुरू झाले. त्यांच्याभोवती सुटे भाग करणारी शेकडो वर्कशॉप उभी राहिली. आपली मुले तेथे फिटर, टर्नर, मेंटेनन्स, क्वालिटी अशा कामांवर आहेत. साहजिकच "जर्मनीत माणसं कमी पडतात" ही बातमी पिंपरी-चिंचवडपासून राजगुरुनगरपर्यंत घरोघरी पोहोचली आहे.

बातमी खोटी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराबाबत करार झाला. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्याच वर्षी कुशल भारतीयांसाठी वर्षाला द्यावयाच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जर्मन सरकारने जाहीर केले.

परंतु एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांची नोंद वेगवेगळी होते. सुरूचा ऊस आडसाली म्हणून नोंदता येत नाही; स्लिप बॉय शेतात येऊन बघतो. व्हिसाचेही तसेच आहे. प्रत्येक प्रकाराच्या अटी ठरलेल्या आहेत आणि त्या मुलाच्या शिक्षणाला, अनुभवाला व भाषेला लागतात. बापाने किती पैसे मोजले यावर व्हिसा मिळत नाही.

जर्मनीचे पाच मार्ग

१) ब्ल्यू कार्ड. हे पदवीधरांसाठी. अगोदर नोकरीचे पत्र हवे आणि पगार ठरलेल्या आकड्याच्या वर हवा. २०२५ साली हा आकडा वर्षाला ४८,३०० युरो होता. अभियंते, संगणक तज्ज्ञ अशा टंचाईच्या व्यवसायांत व नुकत्याच पदवी घेतलेल्यांना ४३,७५९ युरो ८० सेंट. हा आकडा दरवर्षी बदलतो. भाषा चांगली असल्यास २१ महिन्यांत, नाहीतर २७ महिन्यांत कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

२) अनुभवी कामगार. आयटीआय झालेल्या मुलांनी हा मार्ग समजून घ्यावा. किमान दोन वर्षांचे सरकारमान्य प्रशिक्षण, त्याच कामाचा गेल्या पाच वर्षांतला किमान दोन वर्षांचा अनुभव आणि नोकरीचे पत्र, या तीन गोष्टी लागतात. सर्वसाधारणपणे पगाराची अट २०२५ साली वर्षाला ४३,४७० युरो होती.

येथे दोन ठिकाणी आपली मुले अडतात. पहिले म्हणजे कोर्सचा कालावधी. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे कोर्स दोन वर्षांचे. वेल्डरचा एक वर्षाचा. मुलगा कामात कितीही तरबेज असो, एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर या मार्गाने जाता येत नाही. दुसरे म्हणजे अनुभवाचा दाखला. चाकण-भोसरीत बहुतेक पोरं ठेकेदाराकडून कामावर असतात. चार वर्षे मशीन चालवली तरी हातात कागद नसतो, किंवा दाखल्यावर नुसते 'हेल्पर' लिहिलेले असते. तेव्हा नोकरी सोडताना कामाचे नाव व तारखा लिहिलेला दाखला घ्यावाच. पगाराच्या स्लिपा, बँकेचे पासबुक आणि पीएफचा उतारा जपून ठेवावा. परदेशी जायचे नसले तरी हे कागद उपयोगी पडतात.

३) संधी कार्ड. जून २०२४ पासून हा नवा प्रकार आला आहे. नोकरी हातात नसतानाही एक वर्षापर्यंत तेथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. त्यासाठी पदवी किंवा दोन वर्षांचे सरकारमान्य प्रशिक्षण लागते, आणि त्याला आपल्या देशात मान्यता आहे असा जर्मन खात्याचा दाखला लागतो. भाषेची किमान अट जर्मनची 'ए१' किंवा इंग्रजीची 'बी२' ही पायरी आहे. शिवाय सहा गुण भरावे लागतात. हिशेब असा : वय ३५ च्या आत असल्यास २ गुण, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव असल्यास २, आणि जर्मन भाषेची 'बी१' पायरी असल्यास २. म्हणजे २७ वर्षांचा, भाषा शिकलेला, दाखला असलेला फिटर सहा गुण भरतो. तोच फिटर दाखल्याशिवाय चारवर अडतो.

४) शिकाऊ उमेदवारी. तेथे आठवड्यातले काही दिवस कारखान्यात व काही दिवस शाळेत, असे दोन ते साडेतीन वर्षांचे प्रशिक्षण असते. या काळात विद्यावेतन मिळते. बारावी झालेल्या मुला-मुलींना हा मार्ग धरता येतो. परंतु अगोदर तेथील कंपनीशी प्रशिक्षणाचा करार व्हावा लागतो आणि भाषा साधारण 'बी१' पर्यंत यावी लागते.

५) उच्च शिक्षण. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना 'एपीएस' चे प्रमाणपत्र लागते. त्याची फी १८,००० रुपये. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, मात्र बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात.

याखेरीज प्रवासी व्हिसा आहे. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि काम मुळीच करता येत नाही. "आधी टुरिस्टवर चला, तिथं गेल्यावर कागद करू" असे जो म्हणतो तो तुमच्या मुलाला बेकायदा कामाला लावतो आहे, असेच समजावे.

पैसा कोठे लागतो?

जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाची सरकारी फी ७५ युरो आहे. युरोचा भाव शंभर रुपये धरला तर साडेसात हजार रुपये. मग नऊ लाख कशाचे, हे एजंटाला विचारावे.

मोठी रक्कम लागते ती संधी कार्डाला आणि शिक्षणाला. तेथे राहण्या-खाण्याची सोय आहे हे दाखविण्यासाठी बंद खात्यात पैसे ठेवतात. विद्यार्थ्यासाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, तर संधी कार्डासाठी २०२५ साली महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे तेरा लाख रुपयांच्या आसपास. पण हे खाते मुलाच्या नावावर असते आणि तेथे गेल्यावर दरमहा हप्त्याने त्यालाच परत मिळते. ही रक्कम 'फी' म्हणून कोणी स्वतःच्या खात्यात मागितली तर तेथेच व्यवहार थांबवावा.

खरा खर्च भाषेचा आहे. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन भाषेचे वर्ग व परीक्षा होतात. ए१ पासून बी१ पर्यंत जायला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष धरावे. आडसाली उसाइतकाच काळ. घाई करून पीक लवकर येत नाही.

आणखी एक. १ जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारल्यावर वकिलातीकडे फेरविचार मागण्याची सोय जर्मनीने बंद केली आहे. नकार आला तर नवा अर्ज करावा लागतो, नाहीतर तेथील कोर्टात जावे लागते. म्हणून कागद पहिल्यांदाच पुरे असावेत.

एजंट आणि कायदा

परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदलेल्या एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, आणि त्याची पावती द्यावी लागते. भाषेचा क्लास चालविणाऱ्याला भरतीचा परवाना आपोआप मिळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आखाती देशांसह एकूण १८ देशांत नोकरीला जाताना, दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' असा शेरा असतो. त्यांना जाण्याअगोदर उत्प्रवास संरक्षकाची मंजुरी लागते आणि १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दोन वर्षांच्या विम्याचा हप्ता २७५ रुपये. ही मंजुरी चुकविण्यासाठी कोणी प्रवासी व्हिसावर नेऊ म्हणत असेल तर नकार द्यावा. पगार अडला तर अशा माणसाची कागदोपत्री नोंद कोठेच सापडत नाही.

अमेरिकेचा एच-१बी व्हिसा पदवीधरांसाठी असून वर्षाला ८५ हजारांची मर्यादा व सोडत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील सरकारने बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर कंपनीला एक लाख डॉलर भरणे लावले. यावरून एवढे कळावे की नियम रातोरात बदलतात. आज कर्ज काढून ठेवले आणि उद्या दार मिटले, तर हप्ता मात्र चालूच राहतो.

शेवटी

आरंभी सांगितलेल्या सभासदांचा मुलगा दोन वर्षांचा फिटर कोर्स झालेला, ठेकेदाराकडे चार वर्षे कामावर. एजंटाचा कागद बाजूला ठेवून बापलेकांनी आधी पीएफचा उतारा काढला आणि मागे लागून अनुभवाचा दाखला मिळविला. मुलगा आता पहिली पाळी करून संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जातो. तो जाईल की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही. पण वीस गुंठे सातबाऱ्यावर आहेत, आणि न गेला तरी शिकलेली भाषा व हातातला दाखला त्याला चाकणातही उपयोगी पडेल.

तरी सभासदांना विनंती की, प्रथम मुलाची सर्टिफिकेटे तपासावीत, मग मार्ग ठरवावा, मग भाषा, आणि सर्वांत शेवटी पैसा. हा क्रम उलटा करू नये. आणि मुलाची नोंद कोणत्या प्रकारात बसते हे कळल्याशिवाय जमिनीच्या कागदाला हात लावू नये.